भिंतीसाठी बांधलेली पडवी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतचे फोटो पाहिले आणि तुझ्या नवऱ्याने काढलेला नकाशाही. नकाशा दोनदा पाहिला. जुनी खोड आहे, ड्रॉइंग समोर आलं की हात आपोआप लाल पेन शोधतो. चंदगडच्या पश्चिम टोकाला, तिलारीच्या वरच्या अंगाला त्याच्या आजोळचं घर. दोघांना वर्षभराची बिनपगारी रजा. मार्चमध्ये तोडफोड सुरू, मेअखेर सगळं काम पूर्ण, जूनपासून पावसाची मजा, आणि उरलेलं वर्ष अंगणात, सड्याच्या उघड्या कातळावर, जमेल तितकं मोकळ्यावर काढायचं. शेवटी तू विचारलंस, ‘मॅडम, यात काही चुकतंय का?’

हो, क्रम चुकतोय. आधी मोकळ्यावर राहा. घराला मागाहून हात लावा. मी हे इतक्या खात्रीने सांगते, कारण सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवण्याच्या तीस वर्षांच्या नोकरीनंतर मी स्वतः नेमकं उलटं केलं होतं.

आम्ही दोघं 2016 च्या दिवाळीनंतर आंबोलीच्या घाटमाथ्यावर गेलो. चौकुळच्या वाटेवर ह्यांच्या आत्येचं घर होतं, सात वर्षं बंद. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, तिन्ही बाजूंनी पडवी, मागे न्हाणी आणि थोडं बाजूला मांगर, म्हणजे शेतावरची खोपी. कुलूप उघडून आत शिरलो तर माजघरातून आभाळ दिसत होतं. वानरांनी कौलं फोडलेली, वाशांना वाळवी लागलेली, स्वयंपाकघरात वटवाघळं. पहिल्या रात्री मांगरात झोपलो. वाटलं होतं, आठवड्याभराचा प्रश्न आहे. तो वर्षाचा झाला. हिवाळा-उन्हाळा खळ्यात, म्हणजे अंगणात, पावसाळा मांगरात. चूल बाहेर, आंघोळ बाहेर, भांडणंही बाहेर, त्यामुळे आमचं काय चाललंय ते वाडीला आमच्याआधी कळायचं.

काम सुरू करून चार दिवस होतायत तोच 8 नोव्हेंबरची रात्र आली आणि पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. वाडीत मजुरी रोखीची. तालुक्याच्या गावी रांगेत उभं राहून जे मिळायचं त्यात वाणसामान जेमतेम भागायचं. काम पाच आठवडे बंद. त्या पाच आठवड्यांत आम्ही काहीच केलं नाही. खळ्यात बसून घराकडे बघत राहिलो. सकाळचं ऊन कुठून आत येतं, रात्री वारा कुठल्या बाजूने वाहतो, वाळवीचे मातीचे बोगदे कुठल्या कोपऱ्यातून वर चढतात, हे सगळं आपसूक डोळ्यांत भरत गेलं. त्या घरात आम्ही केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. पण तेव्हा मी चडफडत होते. जानेवारीत पैसे हाताशी आले तसा मी सगळा राग कामावर काढला.

आमची पश्चिमेची पडवी बुटकी होती. पागोळ्या इतक्या खाली की ताठ उभं राहिलं तर डोकं आपटावं. तिथे बसलं की समोर फक्त कौलांची कड दिसायची, आणि त्या कडेच्या पलीकडे, दरीच्या वर, अख्खा कोकणचा सूर्यास्त. मला ते सहन होईना. ठरवलं, छप्पर चार फूट मागे घ्यायचं, उघड्या पडणाऱ्या भिंतीला रेती-सिमेंटचा गिलावा करायचा आणि बाहेर बसायला कट्टा बांधायचा. आमचे मेस्त, म्हणजे घरबांधणीचे कारागीर, तेव्हा साठीचे होते. हातोडा खाली ठेवून म्हणाले, “बाईनू, ही पडवी तुमका बसाक नाय, भिंतीक सुकी ठेवक बांधलली.” मी हसले. म्हटलं, ‘त्यासाठीच तर सिमेंट लावतोय.’ ते पुढे काही बोलले नाहीत. मालकीणबाई शिकलेल्या, त्यात वयाने जवळजवळ बरोबरीच्या. कोण वाद घालणार?

मृग कोरडाच गेला. मी खुशीत. आर्द्रा लागलं आणि पावसाने सूर बदलला. तुला पुण्याचा पाऊस माहीत आहे, तो वरून पडतो. घाटमाथ्यावरचा जुलैचा पाऊस आडवा येतो. वारा पश्चिमेकडून, दरीतून वर चढणारा, आणि त्याच्यासोबत पाणी. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या माऱ्यासमोर मी भिंत उघडी करून ठेवली होती. गिलाव्याला केसाएवढ्या चिरा असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतून पाणी आत गेलं आणि सिमेंटच्या घट्ट थरामुळे त्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. आठ दिवसांत भिंतीची आतली बाजू हिरवी झाली. पंधराव्या दिवशी परातीएवढा पोपडा सुटून पडला. मागे चिऱ्यांच्या सांध्यांतली माती लोण्यासारखी झाली होती. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. घर जुनं, चिरे मातीत बसवलेले. माती गेली तर भिंत कशावर उभी राहणार?

मेस्त भर पावसात आले, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, खांद्यावर माणग्याचे बांबू. दुपारभर खपून त्यांनी बांबूंवर ताडपत्री ताणली आणि जिथे पडवी होती तिथे पुन्हा पडवी उभी केली. ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. चहा घेतला आणि गेले. त्या रात्री मी मांगरात पडून वर्गात शिकवलेले सगळे तास आठवत होते. ओलावा कसा चढतो, कसा उतरतो, आकृत्या काढून शिकवलं होतं. तुलाही शिकवलं असेल.

आता तुझ्या नकाशाकडे येते. नवऱ्याने पश्चिमेला मोठी काच दाखवली आहे आणि तिथली पडवी काढून टाकली आहे. त्यावर मी लाल फुली मारली आहे. उजेड हवा असेल तर काचेची कौलं मिळतात, मंगलोरी कौलाच्याच मापाची. माजघरावर दोन बसव, दुपारी दिवा लावावा लागणार नाही. सूर्यास्त पाहायला खळ्यात जा. खळं त्यासाठी पुरेसं मोठं आहे.

जांभ्याबद्दल थोडं सांगते, कारण तुझ्या पत्रात ‘तो दगड जुनाट दिसतो म्हणून झाकायचा’ असं वाक्य आहे. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हा दगड लोखंडी हत्याराने कापताना पाहिला. खाणीत मऊ, आणि हवा लागली की विटेसारखा टणक. 1807 मध्ये छापून आलेल्या वर्णनात त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट असं नाव दिलं. आपल्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणून चिरे काढून एक-दोन मोसम उघड्यावर मुरू देत. या दगडाला आरपार भोकं असतात. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याला श्वास घेऊ देणारा लेप हवा, म्हणजे चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत सावकाश पुन्हा दगड होत जातो, पण त्याला घाई चालत नाही आणि दमट हवेत तो नीट धरत नाही. त्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुन्याची कळी भिजवून निदान पंधरा दिवस मुरवायची. कोकणात पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. आता विकतचा आणावा लागतो आणि तो नीट मुरवून देणारा गवंडी शोधावा लागतो. गवंडी आधी शोध, साहित्य नंतर. प्लास्टिक पेंट लावायचा मोह आवर. आतून ओल दिसली की लोक तिच्यावर रंग मारतात, आणि ओल रंगामागे आपलं काम चालू ठेवते. जोत्याभोवती चर खणून पाणी लांब नेलं तर निम्मी ओल तिथेच थांबते, आणि त्याला फावड्याखेरीज काही लागत नाही.

म्हणून म्हणते, मेच्या शेवटी जा. त्याआधी फक्त दोन कामं उरका. एक, शाकारणी. सगळी कौलं उतरवून, पालापाचोळा झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. कुजलेल्या रिपा बदलायच्या. दहा-पंधरा दिवसांचं काम आहे, आणि ते रोहिणी संपायच्या आत व्हायला हवं, कारण नंतर कौलं परतणारी माणसं शेतात जातात. दोन, संडास. दोन खड्ड्यांचा, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. नवरा म्हणेल, ‘आपण तर मोकळ्यावर राहायला चाललोय.’ त्याला सांग, मोकळ्यावर राहण्याला मर्यादा असतात, आणि जुलैत रात्री अडीच वाजता त्या नीट कळतात.

मग एक खोली कोरडी ठेवून पावसाळा काढा. एक वही कर. कुठे गळतं, किती वाजता, वारा कुठून होता, ते लिही. भांडी लाव आणि कुठलं भांडं किती वेळात भरतं ते बघ. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढते तिथे खडूने रेघ मार आणि तारीख घाल. मुंग्या अंडी घेऊन कुठे जातात ते बघ, त्यांना कोरडी जागा आपल्याआधी सापडते. कपडे वाळणार नाहीत, चुलीवर दोरी बांधून धुरात वाळवावे लागतील आणि तुमच्या अंगाला ऑक्टोबरपर्यंत तो वास येत राहील. पुस्तकांना, पट्ट्याला, चपलांना बुरशी धरेल. आमच्याकडे त्या जुलैत सलग अकरा दिवस लाइट नव्हती. तुझा नवरा रजेतही आठवड्याचे तीन दिवस ऑनलाइन काम करणार म्हणतो आहे, त्याला हे आत्ताच वाचून दाखव. या वहीतून जो नकाशा निघेल तो नोव्हेंबरात मला पाठव. त्यावर मी कमी लाल करेन.

दुसरी लाल फुली मागच्या बाजूला आहे. गाडी लावायला तुम्ही घरामागचा डोंगर आठ फूट कापून सपाट करणार आहात. कापू नका. आपल्याकडे जांभ्याच्या टोपीखाली मऊ, चिकण मातीचा थर असतो. सडा पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो, ते या थरापर्यंत उतरतं आणि तिथून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. तुमचा झराही तिथूनच येतो. उताराचा पायथा कापला की वरच्या भाराला टेकू राहत नाही. माळीण गाव 30 जुलै 2014 ला दरडीखाली गेलं. तळिये 22 जुलै 2021 ला. इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. तिन्ही गावं जुलैतली, तिन्ही डोंगरकुशीतली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आणि त्यांवरचे वादही वेगळे, पण पाणी प्यालेला उतार खाली येतो एवढं तिन्हीकडे सारखं आहे. गाडी रस्त्यावर लावा आणि सामान डोक्यावरून न्या. आम्ही अजून तेच करतो. पावसाळ्यात घरामागच्या उताराला नवी भेग दिसली, झाडं तिरकी झाली किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर त्या रात्री घरात झोपायचं नाही. यावर चर्चा करत बसू नका.

आता मोकळ्यावरच्या राहण्याबद्दल. तू लिहिलं आहेस की खळ्यात गादी टाकून चांदण्याखाली झोपणार. खाट घे आणि मच्छरदाणी घे. मच्छरदाणीची कड गादीखाली चारी बाजूंनी खोच. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. मांत्रिक नको, जखमेवर चिरा नकोत, घट्ट आवळून बांधणं नको. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. सगळ्यात जवळ प्रतिविष कुठे मिळतं ते पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन विचारून ये. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. झुडपात बसलेल्या हिरव्या चापड्यावर ते उपयोगी नाही. चापडा सहसा जीव घेत नाही, पण हात कोपरापर्यंत सुजतो, म्हणून पावसात फांदी धरण्याआधी फांदीकडे बघ.

आणि माकडताप. आम्ही गेलो त्याच हिवाळ्यात दोडामार्ग-सावंतवाडी भागात त्याची चर्चा घरोघरी होती. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला 1957 मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात. विषाणू गोचिडींमधून येतो, आणि जोर साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका तुमचा जंगलात भटकायचा मोसम. पाचोळ्यावर बसू नका. जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात कळवा. ताप आला तर ‘आम्ही जंगलात राहतो’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. 2002 पासून तुमच्या पट्ट्यात कर्नाटकातून हत्तीही येतात. फणस आणि केळीचे घड घराजवळ साठवू नका. बाकी गवे तर आहेतच. रात्री बॅटरीच्या उजेडात दोन हिरवे डोळे माणसाच्या उंचीवर दिसले की उलट्या पावली मागे या, पळू नका.

इतकं वाचून तुझा बेत बदलला असेल तर मला वाईट वाटेल, कारण त्या वर्षासारखं वर्ष आम्हाला दुसरं मिळालं नाही. मेच्या अखेरीस, पहिल्या वळिवानंतर, खळ्याच्या कडेचं ऐनाचं झाड काजव्यांनी भरलं. सगळे एकदम विझत, एकदम पेटत. हे आयुष्यभर आकड्यांत गेलेले, त्यांनी पहिल्यांदाच काही मोजलं नाही. जूनच्या पहिल्या सरींना सड्यावर खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचलं आणि तिथे पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या भेकी गोळा झाल्या. आंबोलीची ही भेक 2009 मध्ये शास्त्रीय नाव घेऊन जगासमोर आली. सड्यावरची ती चार बोटं खोल डबकी म्हणजे तिचं बाळंतघर. तुमच्या सड्यावरही कोणी ना कोणी असेलच, म्हणून पहिल्या पावसात गाडी तिथे नेऊ नका आणि भरावासाठी तिथली खडी उचलू नका. सिमेंटची घमेली व्हाळाच्या वाहत्या पाण्यात धुऊ नका. हिरण्यकेशीच्या उगमापाशी 2020 मध्ये माशाची नवी जात नोंदली गेली. देवळाच्या कुंडातली, बोटाएवढी. आम्ही तिथे कितीदा पाय धुतले होते!

पाण्याचा हिशेब करायला तुला गंमत वाटेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या छपराचा पसारा 90 चौरस मीटर. सात हजार मिलिमीटर धरलं तर एका पावसाळ्यात छपरावरून 6,30,000 लिटर पाणी ओघळतं. दहा हजार लिटरचे त्रेसष्ट टँकर. आणि त्याच घरात मी एप्रिलमध्ये दोन घागरींसाठी पाऊण किलोमीटर चालत होते. पन्हळ लावून टाकी भरली तर चार-सहा आठवडे निघतात, त्यापुढे झराच. झऱ्याच्या वरचं एकही झाड तोडू नका, कोणी कितीही चांगला भाव दिला तरी.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. सातबारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8, तिन्ही काढ. आजोळचं घर म्हणजे त्यावर मामा, मावशा आणि त्यांची मुलं असणार. भिंतीला हात लावायच्या आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. कौलं बदलून होईपर्यंत कोणाला घराची आठवण येत नाही. घर देखणं झालं की सगळ्यांना लहानपण आठवतं. जुना वासा बदलायला स्वतःच्या आवारातलं झाड तोडायचं असलं तरी परवानगी विचारून घ्या.

आता जे तू विचारलं नाहीस ते. पत्रात सगळीकडे ‘आम्ही’ आहे. ‘आम्हाला असं वाटतं’, ‘आमचं ठरलं आहे’. लग्नाला तीन वर्षं झालेल्या माणसांचं इतकं एकमत असेल तर कोणीतरी गप्प बसलं आहे. आमच्याकडे मी बोलत होते आणि हे गप्प होते. ह्यांना आत्येचं घर होतं तसं हवं होतं, मला सुधारायचं होतं. पडवी तोडायच्या दिवशी हे सकाळीच ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणून गेले आणि संध्याकाळी आले. पोस्टात कोणाचं एवढं काम असतं? मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. जुलैत भिंत सुटली तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं की लहानपणी गोवराने आजारी असताना महिनाभर त्या पडवीत त्यांची खाट होती, आणि आत्या पागोळीखाली हात धरून त्यांच्या कपाळावर ते गार पाणी लावायची. मी म्हटलं, ‘हे जानेवारीत सांगायचं होतं.’ हे म्हणाले, ‘तू विचारायचं होतंस.’ दोन दिवस आम्ही एकाच चुलीवर वेगवेगळा चहा केला.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी पाळल्या, तुम्हाला पटल्या तर पाळा. पाऊस लागलेला असताना घराबद्दल काही ठरवायचं नाही. तेव्हा माणूस थकलेला, ओला आणि उपाशी असतो. आणि जे तोडायचं त्याला दोघांचा होकार लागतो, जे जोडायचं त्याला एकाचा पुरे. त्यामुळे माझा कट्टा झाला आणि ह्यांचं देवघर जागेवर राहिलं. शिवाय महिन्यातून एक दिवस दोघांपैकी एकाने एकट्याने खाली उतरायचं. सावंतवाडीला जा, चंदगडला जा, बाजार करा, खानावळीत जेवा, कोणाशी तरी भिंती आणि ओल सोडून बोला. चोवीस तास एकमेकांच्या नजरेसमोर राहायची सवय शहरातल्या कुठल्याच जोडप्याला नसते. आम्हालाही नव्हती, लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊन.

पैशाचं म्हणशील तर आम्ही आठ लाख धरले होते, साडेबारा लागले. त्यातला मोठा वाटा माझ्या सिमेंटचा: आधी लावण्याचा, मग काढण्याचा, मग तिथे चुना भरण्याचा. पडवी पुन्हा बांधली ती जुन्या मापावर, पण लाकूड मिळेना. एक जुना गोठा उतरवत होते, तिथून किंजळीचे वासे आणले. त्यांवर शेणाचे डाग होते. तासून घेतले तरी पावसात अजून वास येतो.

मेस्त आता छपरावर चढत नाहीत. गुडघे गेले. पण तुम्ही त्यांना आणायला गाडी पाठवलीत तर ते खुर्चीवर बसून काय कुठे चुकतंय ते सांगतील, मी विचारून ठेवलं आहे. त्यांची एकच अट आहे, “पयलो पावस बघा, मगे बोलवा.”

आणि हो, माजघरात टाइल्स घालायचं नक्की करू नकोस. लाल मातीची जमीन करून बघ. माती भिजवायची, तुडवायची, सारखी करायची, अर्धवट वाळली की चोपण्याने चोपायची आणि वर शेणाने सारवायचं. चोपणं विकत मिळणार नाही, आमच्याकडे आत्येचं आहे, फणसाच्या लाकडाचं, मुठीपाशी झिजलेलं. आमचं खळं आम्ही दिवाळीच्या आधी चोपतो, तोवर ते देता येणार नाही. भाऊबीज झाली की येऊन घेऊन जा. त्याआधी तुला ते लागायचंही नाही.

तुझी,
मॅडम